हॉल बघताना स्टेजकडे पाठ करा

तुळशीचं लग्न अजून लागायचं आहे, पण मे महिन्यातल्या चांगल्या मुहूर्तांची कार्यालयं केव्हाच गेली. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत पडायला महिने जातात. हॉल पसंत पडायला वीस मिनिटं पुरतात. मॅनेजर सगळे दिवे लावतो, झुंबर उजळतं, होणारी नवरी स्टेजवर उभी राहून बघते आणि वडील इसाराचे पैसे काढतात. जेवणाची जागा, मागचा जिना, बायकांचं स्वच्छतागृह यांच्याकडे कोणी फिरकत नाही.  

कार्यालयवाला क्षमता सांगतो ती खुर्च्यांची. ‘सातशे आरामात बसतात साहेब.’ बसतील, पण अक्षता पडल्या की ते सातशे एकदमच उठतात आणि एकाच दिशेने निघतात. म्हणून विचारायचं ते हे, की पंगत किती पानांची? दोनशे पानांची असेल तर सातशे माणसांना चार पंगती लागणार. एका पंगतीला पाऊण तास धरला, तर साडेबाराला लग्न लागल्यावर शेवटची पंगत उठायला साडेतीन वाजतात. त्या शेवटच्या पंगतीत घरचीच माणसं असतात, सकाळपासून उपाशी. बुफे हा त्यावरचा उतारा मानला जातो. पण एका हातात ताट आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन आजोबांनी श्रीखंड कसं खायचं, हे मला आजवर कुठल्याही केटररने सांगितलेलं नाही.

हॉलवर पोचायचं कसं, या बाबतीत मुंबईकर शहाणा. दादरचं कार्यालय धरताना तो स्टेशनपासून चालत किती मिनिटं, हे आधी विचारतो. पुण्यात म्हात्रे पुलापासून राजाराम पुलापर्यंत मुठेच्या काठाने डीपी रस्त्यावर लॉन्सची रांग लागली. निदान ती गावात तरी आहेत. बाकीच्या शहरांत मात्र लॉन्स बायपासला सरकली आहेत. गाडीवाल्यांची तिथे सोय होते, पण गावाकडून एसटीने आलेल्या मावशीला रात्री दहाला तिथून रिक्षा मिळत नाही. पत्रिकेवर ‘भव्य पार्किंग’ छापता, तशी स्टँडवरून गाडीची व्यवस्थाही छापा.

लॉन घेणाऱ्यांनी घड्याळही बघावं. सन 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. बंदिस्त सभागृहाला, आवाज आतल्या आत राहत असेल तर, यातून सूट आहे. लॉनला नाही. वर्षातले काही ठरावीक दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देतं, ती सणा-उत्सवांसाठी, तुमच्या रिसेप्शनसाठी नव्हे. म्हणजे साडेनऊला स्टेजवर येणाऱ्या नवरा-नवरीला लॉनवर अर्धाच तास गाणी मिळतात. मग साउंडवाल्याशी भांडण, शेजारच्या सोसायटीचा फोन आणि दारात पोलीस, हा कार्यक्रम पत्रिकेत नसतो.

उघड्या जागेचं दुसरं भय उन्हाचं. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानात राज्य सरकारचा महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो माणसं भर उन्हात बसली होती. उष्माघाताने 14 जणांचा जीव गेला. मंचावर छत होतं. सरकारला जे सुचलं नाही ते आपल्याला सुचावं: एप्रिल-मेमध्ये दुपारचा मुहूर्त असेल तर लॉनचा विचारच सोडा. फार हौस असेल तर लग्न सकाळी नऊला लावा.

आणि आता आगीविषयी. शुभकार्याच्या गोष्टीत हा विषय काढला की वडीलधारी मंडळी ‘काहीतरीच काय अभद्र’ म्हणतात. पण हरियाणातल्या मंडी डबवालीत 23 डिसेंबर 1995 ला एका शाळेचं स्नेहसंमेलन झालं, ते लग्नाच्याच हॉलमध्ये. मंडपाला कृत्रिम कापडाचं छत होतं आणि बाहेर पडायला उघडं दार एकच. चारशेहून अधिक माणसं गेली, त्यांत बहुतेक मुलं आणि बायका. मुंबईत कमला मिलच्या गच्चीवरच्या हॉटेलांना डिसेंबर 2017 मध्ये आग लागली, तेव्हा 14 जण दगावले. त्यातले बरेचसे स्वच्छतागृहात अडकून गुदमरले. तिथेही त्या रात्री वाढदिवस साजरा होत होता.

म्हणून हॉल बघायला जाल तेव्हा स्टेजकडे पाठ करून उभे राहा आणि दारं मोजा. मग प्रत्येक दार स्वतः उघडून बघा. मागच्या दाराला कुलूप असतं, जिन्यात जादा गाद्या आणि मोडक्या खुर्च्या रचलेल्या असतात, आणि ‘कार्याच्या दिवशी मोकळं करून देतो’ हे उत्तर तोंडपाठ असतं. डेकोरेटर त्याच दारावर पडदे सोडून फुलांची कमान उभी करतो. तसं करायचं नाही, हे त्याला आधीच बजावा, आणि बुकिंगच्या कागदावरही लिहून घ्या. त्या कागदावर अनामत कधी परत मिळणार, वीज गेली तर जनरेटरचं डिझेल कोणाचं आणि ताबा आदल्या दिवशी किती वाजता, हेही असू द्या. ते तोंडी ठरलेलं असतं म्हणूनच पाठवणीच्या वेळी वधूपिता मॅनेजरच्या केबिनमध्ये सापडतो.

महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार अशा इमारतींच्या मालकाने अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला परवानाधारक एजन्सीकडून दर वर्षी दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, घ्यायचा असतो. त्याला फॉर्म बी म्हणतात. झुंबराचा प्रकाश बघून झाला की मॅनेजरकडे तो मागा. दाखवायला टाळाटाळ झाली, तर इसार खिशातच राहू द्या आणि दुसरा हॉल बघा.