थांबलेल्या विमानातली घाई

"विमान एकदाचं थांबलं ना? मग आठ मिनिटं ती दोघं आत करत काय होती?"

एका लग्नाच्या पंगतीत आमच्या काकांनी हा सवाल टाकला. त्यांचं विमान टेकऑफसाठी धावत असताना मध्येच करकचून थांबलं होतं आणि बराच वेळ कॉकपिटमधून चकार शब्द आला नव्हता. "रिक्षा बंद पडली तर रिक्षावालासुद्धा मागं वळून सांगतो!" काका म्हणाले. पंगतीनं माना डोलावल्या, जिलबी पुढं सरकली.

काकांच्या रागाच्या तळाशी एक समजूत आहे, ती म्हणजे थांबणं हाच प्रसंगाचा शेवट. माझं भांडण त्या समजुतीशी आहे. वैमानिकांच्या भाषेत या प्रकाराला 'रिजेक्टेड टेकऑफ', थोडक्यात आरटीओ म्हणतात. (आपल्या आरटीओतही ताटकळावं लागतंच, पण ते असो.) थांबण्याचा निर्णय अवघड खरा, पण त्याची उजळणी आधीच झालेली असते. त्या दिवसाचं वजन, वारा, धावपट्टीची लांबी धरून 'व्ही-वन' हा वेग काढलेला असतो. त्याच्या आत थांबता येतं, तो ओलांडला की उडायचंच. कॅप्टन 'स्टॉप' म्हणतो, थ्रॉटल मागं येतात, ब्रेक लागतात, पंखांवरचे स्पॉयलर उभे राहतात. सिम्युलेटरमध्ये हे इतक्यांदा घोटून घेतलेलं असतं की हात आपोआप चालतात.

थांबल्यावर मात्र असा कोणताच आकडा हाताशी नसतो.

त्या क्षणी कॉकपिटमध्ये काय असतं? धोक्याची घंटा वाजत असते. टॉवर विचारत असतो, मदत हवी का? केबिन क्रूचा फोन खणखणतो. इंजिन पंखाखाली, मागं असतं, कॉकपिटच्या खिडकीतून बहुतेक विमानांत ते दिसतच नाही. ब्रेकचं तर वेगळंच. विमान उभं राहिल्यावरही त्यांचं तापमान काही मिनिटं वाढतच राहतं. फार तापलं तर चाकांमधले फ्यूज प्लग वितळून टायरमधली हवा सोडून देतात, टायर फुटू नये म्हणून. आणि हे सगळं दोघांनी ऐकायचं, पाहायचं, चेकलिस्ट काढून वाचायची आणि एकच प्रश्न सोडवायचा: माणसं खाली उतरवायची, की जागेवर बसवायची?

"संशय आला की उतरवा, त्यात विचार कसला?" हा दुसरा आक्षेप. दिसायला बिनतोड. पण घसरगुंडीवरून उतरण्यात हातपाय मोडतात, आणि चालू इंजिनाजवळ उतरण्यात त्याहून वाईट होतं. २८ ऑक्टोबर २०१६ला शिकागोच्या ओ'हेअर विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्सच्या ७६७ विमानाचं उजवं इंजिन धावतानाच फुटलं आणि आग लागली. वैमानिकांनी विमान थांबवलं. केबिन क्रूनं कॉकपिटशी बोलायचा प्रयत्न केला, पण त्या विमानातला इंटरफोन त्यांना चालवता आला नाही. खिडकीबाहेर ज्वाळा दिसत होत्या, म्हणून त्यांनी आपणहून दारं उघडली, आणि त्यांना दोष देण्याचं मला धाडस होत नाही. डावं इंजिन तेव्हा चालूच होतं. खाली उतरलेला एक प्रवासी त्याच्या झोतानं फेकला गेला आणि गंभीर जखमी झाला. वैमानिक काय करत होते? इंजिनाच्या आगीची चेकलिस्ट. ती हवेतल्या आगीला आणि जमिनीवरच्या आगीला एकच धरून लिहिलेली होती. हवेत आग विझवणारी पहिली बाटली सोडून दुसरीसाठी थांबणं शहाणपणाचं असतं. जमिनीवर, माणसं दाराशी लोटलेली असताना, तेच थांबणं महागात पडतं. तपासकर्त्यांनी या चेकलिस्टवर नेमकं बोट ठेवलं.

आता उलट बाजूचा पूर्वपक्ष, आणि तो खुद्द वैमानिकांतलाच आहे: "पार्किंग ब्रेक लावला, आता घाई नाही. शांतपणे काम करा." नव्वद वेळा हे बरोबर आहे. उरलेल्या वेळेचं नाव मँचेस्टर. २२ ऑगस्ट १९८५ला ब्रिटिश एअरटूर्सचं ७३७ कॉर्फूला निघालं होतं. धावताना 'धप्प' असा आवाज झाला. वैमानिकांना वाटलं, टायर फुटला. कॅप्टननं टेकऑफ रद्द केलं आणि ब्रेक फार जोरात दाबू नकोस असं को-पायलटला सांगितलं. टायरच फुटला असता तर सल्ला योग्यच होता. आगीची घंटा वाजली ती आवाजानंतर काही सेकंदांनी. खरं तर डाव्या इंजिनाचा तुकडा इंधनाच्या टाकीच्या झाकणात घुसला होता. विमान उजवीकडे टॅक्सीवेवर वळवलं गेलं. वारा अगदी मंद होता, पण वळल्यावर तो डावीकडून येऊ लागला आणि त्यानं ज्वाळा थेट विमानाच्या अंगावर ढकलल्या. १३७ जणांपैकी ५५ गेले, बहुतेक धुरानं. धावपट्टी मोकळी करावी, ही रोजची चांगली सवय त्या दिवशी वैरीण ठरली.

म्हणजे घाई दोन प्रकारची. एक आगीची, तिच्यापुढं मान तुकवायची. दुसरी घड्याळाची आणि माणसांची, तिला दाराबाहेर उभं करायचं. दोघी एकाच वेळी, एकाच आवाजात हाका मारतात, अडचण ही आहे. मुंबईत दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळं एका वेळी एकीवरच काम चालतं. तिथं एक विमान अडलं की मागं रांग लागते, वर घिरट्या सुरू होतात. कॅप्टनच्या कानात हे सगळं असतंच. ते असूनही विमान हलवायचं नाही, हे ठरवायला जे बळ लागतं ते मला व्ही-वनच्या निर्णयाहून मोठं वाटतं.

ही दुसरी घाई आग नसतानाही मारते. २० ऑगस्ट २००८, माद्रिद. स्पॅनएअरचं एमडी-८२ धावपट्टीपाशी जाऊन तापमान मोजणाऱ्या उपकरणाच्या तक्रारीपायी परत फिरलं. टेकऑफ सुरू झालंच नव्हतं, त्यामुळं नियमानं हा आरटीओ नव्हे. पण पुन्हा निघण्याची लगबग तीच. उशीर तासाच्या वर गेलेला. फ्लॅप उघडायचे राहिले, चेकलिस्टमध्ये ती चूक सापडली नाही, इशारा देणारी यंत्रणाही गप्प राहिली. १५४ माणसं गेली. म्हणून रद्द टेकऑफनंतर पुन्हा निघायचं असेल तर चेकलिस्ट पहिल्या ओळीपासून वाचावी, मागच्या वेळी अर्धी झाली होती म्हणून अर्ध्यातून नव्हे. आणि वाचून होईपर्यंत कंपनीच्या कोणत्याही माणसानं "किती वेळ?" हा फोन करू नये.

काकांचं एक म्हणणं मात्र मी मान्य करतो. 'जागेवर बसून राहा' एवढं वाक्य लगेच यायलाच हवं. बहुतेक कंपन्यांच्या पद्धतीत ते असतंही, आणि त्या दिवशी ते आलं नसेल तर ती चूकच. कारण सांगायला मात्र वेळ लागेल. जे अजून वैमानिकालाच कळलेलं नाही, ते तो सांगणार कसं?

हे सगळं पंगतीत सांगून झाल्यावर मी काकांना विचारलं, त्या आठ मिनिटांत तुम्ही काय करत होतात?

"मी? वरून बॅग काढून मांडीवर घेतली होती. म्हटलं, तयारीत असावं."