केंद्रे हवीत की नुसते मनोरे?

आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरील प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून त्याचे काम छत्रपती संभाजीनगरकडे सोपविण्याचा निर्णय प्रसारभारतीने २०२३ च्या जूनमध्ये घेतला, तेव्हा त्याविरुद्ध पुण्यात आणि पुण्याबाहेरही आवाज उठला. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने निर्णयास स्थगिती दिली आणि प्रकरण मिटले असे सर्वांनी मानले. वस्तुतः ते इतक्या सहजी मिटावयास नको होते. स्वायत्त म्हणविणारी संस्था निर्णय घेते, मंत्र्यांच्या एका शब्दासरशी तो थांबतो आणि निर्णयच चुकीचा असल्यामुळे सारे सुटकेचा निःश्वास टाकतात. त्या निःश्वासात स्वायत्ततेचा प्रश्न मात्र वाहून गेला.

हा प्रश्न नभोवाणीइतकाच जुना आहे. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू केले आणि पुढल्याच महिन्यात कलकत्त्याचे. वर्षाला १० रुपये परवाना शुल्क आणि आयात होणाऱ्या यंत्रांवरील आकार एवढ्यावर या खासगी कंपनीचा प्रपंच चालावयाचा होता. परवानाधारकांची संख्या हजारांच्या घरातच घुटमळत राहिली आणि मार्च १९३० मध्ये कंपनीने दिवाळे काढले. पुढल्याच महिन्यात सरकारने केंद्रे आपल्या हाती घेतली. ज्या १९२७ साली बीबीसी कंपनीची सनदप्राप्त संस्था झाली, त्याच साली जन्मलेली आपली कंपनी तीन वर्षांत सरकारी खाते होऊन बसली. परवाना शुल्क पुढेही अनेक दशके चालू राहिले. ते १९८०च्या दशकात रद्द झाले, तेव्हा श्रोत्यांना आनंदच झाला, आणि ते स्वाभाविकही होते. परंतु त्याबरोबर श्रोत्याचा हिशेब मागण्याचा हक्कही गेला, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. जो पैसे देतो त्याच्याकडे तोंड करून बोलण्याची सवय प्रत्येक संस्थेस लागतेच. येथे देणारे दोनच उरले, मंत्रालय आणि जाहिरातदार.

सरकारी खाते असूनही काही केंद्रांनी जे काम केले, ते विसरता येण्यासारखे नाही. १९५३ साली सुरू झालेल्या पुणे केंद्राने दोनच वर्षांनी गदिमा-बाबूजींचे गीतरामायण आठवड्यामागून आठवडे घरोघरी पोहोचविले, हे सर्वश्रुत आहे. त्याहून कमी सांगितली जाणारी गोष्ट १९५६ ची. युनेस्कोच्या साह्याने पुणे, अहमदनगर, नाशिक, सातारा आणि कोल्हापूर या प्रदेशातील सुमारे १५० गावांत नभोवाणी शेतकरी मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा, दहा आठवडे, गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे लिहून पाठवीत. पुढल्या कार्यक्रमांत त्यांना उत्तरे मिळत. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे या प्रयोगाचे शास्त्रशुद्ध मूल्यमापन झाले आणि पुढे तो देशभर नेण्यात आला. त्याचे यश यंत्रसामग्रीत नव्हते. बोलणारा माणूस पुण्यात बसलेला होता, त्याला माण-खटावची बोली, तिथली पिके आणि पावसाची तऱ्हा ठाऊक होती, यात ते होते. दिल्लीहून आलेल्या मजकुराचे मराठी भाषांतर वाचून ते साधले नसते.

स्वायत्ततेसाठी समित्याही कमी झाल्या नाहीत. १९६६ च्या चंदा समितीने नभोवाणी आणि दूरचित्रवाणीसाठी महामंडळांची शिफारस केली. आणीबाणीत आकाशवाणीची जी अवस्था झाली ती पाहून वर्गीज समितीने १९७८ मध्ये ‘आकाशभारती’चा आराखडा मांडला. कायदा झाला १९९० मध्ये, आणि अंमलात आला १९९७ मध्ये! मधल्या काळात, १९९५ साली, न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि त्यांचे सहकारी यांनी ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. त्या सरकारच्याही नव्हेत, असाच त्याचा अर्थ. तथापि, प्रसारभारतीचे वेतन केंद्राच्या अनुदानातून येते, आणि कायद्याने सांगितलेले भरती मंडळ स्थापन व्हावयास २०२० साल उजाडावे लागले. दरम्यान केंद्राकेंद्रांवरील अनुभवी कार्यक्रम अधिकारी निवृत्त होत गेले आणि त्यांच्या खुर्च्या हंगामी निवेदकांच्या भरवशावर राहिल्या.

पैसा अजिबात नाही असेही नाही. प्रसारण यंत्रणेच्या विकासासाठी जानेवारी २०२३ मध्ये २,५३९ कोटी रुपयांहून अधिक खर्चाची योजना मंजूर झाली आणि त्याच वर्षी २८ एप्रिलला १०० वॅटची ९१ एफएम प्रक्षेपण केंद्रे एका दिवसात सुरू करण्यात आली. आकडा डोळ्यांत भरणारा आहे. परंतु असे लहान प्रक्षेपक आसपासच्या काही मैलांपुरते आणि मुख्यतः दुसरीकडून आलेला कार्यक्रम सहक्षेपित करण्याच्या उपयोगाचे. त्यात एफएमची लहर सरळ रेषेत जाते, डोंगर आडवा आला की अडते. सह्याद्रीच्या खोऱ्यांतील वाड्यांना मध्यम लहरींचा जो आधार होता, तो जुने प्रक्षेपक एकामागून एक बंद होत असताना नव्या मनोऱ्यांनी भरून निघेल, असे मानावयास आधार नाही. वाढतात ते मनोरे. ज्या ठिकाणी कोणी माईकसमोर बसून आपल्या मुलखाविषयी बोलतो त्या जागेला केंद्र म्हणावयाचे, आणि अशा जागा मात्र रोडावत आहेत.

हातात भ्रमणध्वनी असताना रेडिओ ऐकतो कोण, असे विचारले जाते. पुण्याच्या वृत्तविभागासाठी भांडलेली माणसे हे त्याचे एक उत्तर. दुसरे उत्तर असे की, खासगी एफएम वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. फक्त आकाशवाणीच्या बातम्या पुन्हा ऐकविता येतात. म्हणजे बातम्यांचा मक्ता सरकारने प्रसारभारतीकडे ठेवला आहे. ज्याच्याकडे मक्ता, त्याने सांगली, परभणी, जळगाव, रत्नागिरी येथील श्रोत्यांस त्यांच्या जिल्ह्याची बातमी त्यांच्याच केंद्रावरून द्यावयास नको काय? आकाशवाणी आपल्या परिचयात २३ भाषा आणि १७९ बोलींचा अभिमानाने उल्लेख करते. अहिराणी, मालवणी आणि वऱ्हाडी त्या १७९ मध्ये कागदावर असून भागणार नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. पुढील कोणत्याही विस्तारयोजनेत प्रक्षेपकांच्या संख्येबरोबर प्रत्येक केंद्राने स्वतः निर्माण केलेल्या कार्यक्रमांचे तास दरवर्षी जाहीर करावेत, आणि महाराष्ट्रातील प्रत्येक केंद्रावर निदान एक कायम कार्यक्रम अधिकारी व एक कायम वृत्तप्रतिनिधी नेमावा. कोणताही प्रादेशिक वृत्तविभाग हलविण्यापूर्वी प्रसारभारतीच्या मंडळाने त्याची कारणे लेखी प्रसिद्ध करावीत आणि श्रोत्यांना म्हणणे मांडण्यास मुदत द्यावी. म्हणजे पुढल्या वेळी श्रोत्यांना मंत्रालयाच्या दारात उभे राहावे लागणार नाही.