खेळ आपला, किल्ली कोणाची?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबविली. आपल्या महाविद्यालयात त्या दिवशी कोणी शोकसभा घेतली नाही हे खरे. पण वसतिगृहातल्या कितीतरी टेबलांवरचे संगणक त्या तारखेपासून, सरकारी भाषेत सांगायचे तर, मुदतबाह्य झाले. यंत्र तेच, पडदा तोच, वेगही तोच. फक्त उद्या एखादे भगदाड सापडले तर ते बुजवायला कोणी येणार नाही. ज्यांनी आणखी एका वर्षाची सवलत पदरात पाडून घेतली, त्यांची अडचण तेवढी पुढे ढकलली गेली. विंडोज ११ घ्यावे म्हटले तर त्याच्या अटी जुन्या वळणाच्या वरपित्याला शोभतील अशा: टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय हवी, प्रोसेसर साधारण २०१७-१८ नंतरचा हवा. दादाचा किंवा मामाचा जुना लॅपटॉप ज्यांच्या वाट्याला आला, त्यांनी काय करावे?

मुलांच्या गप्पांत यावर तीन उपाय ऐकू येतात. पहिला, नवा लॅपटॉप घ्या. ज्यांच्या घरी हे वाक्य सहज उच्चारता येते, त्यांनी हा लेख इथेच सोडला तरी हरकत नाही. दुसरा, ओळखीच्या दुकानदाराकडून फॉरमॅट मारून विंडोज ११ ‘टाकून’ घ्या. अटी चुकविण्याच्या युक्त्या त्याला ठाऊक असतात, आणि परवान्याचे काय असे विचारले की तो नुसता हसतो. तिसरा उपाय लिनक्सचा. तो सुचविणाऱ्याकडे आपण आजवर, सहलीला निघताना ग्रंथालयाचे पुस्तक बरोबर घेणाऱ्या मुलाकडे पाहावे, तसे पाहत आलो. ‘अभ्यासाला ठीक आहे रे, पण गेम चालतात का?’ या एका प्रश्नावर तो बिचारा गप्प होई. माझे म्हणणे असे, की २०१८ नंतर त्याने गप्प बसण्याचे फारसे कारण उरलेले नाही; आणि जिथे उरले आहे, तिथे दोष लिनक्सचा नाही.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे नाटकाच्या पडद्यामागची सगळी व्यवस्था. नटाला प्रकाश हवा, आवाज हवा, तर तो स्वतः तारा जोडत बसत नाही. मागच्या माणसाला खूण करतो. खेळाचेही तसेच. ‘इथे भिंत रंगव’, ‘इथे गोळीचा आवाज काढ’ असे तो सिस्टिमला सांगतो, आणि सांगण्याची त्याची एक भाषा असते. विंडोज ९५ च्या पाठोपाठ, १९९५ मध्येच, मायक्रोसॉफ्टने डायरेक्टएक्स नावाची अशी भाषा आणली. खेळणारे विंडोजवर म्हणून लिहिणारे तिथे गेले, आणि लिहिणारे तिथे म्हणून खेळणारे. २००१ पासून एमएस-सीआयटीच्या वर्गांनी, संगणक म्हणजे विंडोज हे समीकरण आपल्याकडे गावोगाव पोहोचविले. गुण म्हणा की सवय म्हणा, मक्तेदारी अशीच वाढते.

मग विंडोजच्या भाषेत लिहिलेला खेळ लिनक्सवर चालायचा कसा? आपण साहित्याच्या विद्यार्थ्यांना दोन वाटा लगेच सुचतील. एक रूपांतराची. पु. ल. देशपांडे यांनी शॉचे ‘पिग्मॅलियन’ घेऊन ‘ती फुलराणी’ उभी केली, तसा खेळ लिनक्ससाठी नव्याने बसवायचा. पण एवढे कष्ट मूठभर गिऱ्हाइकांसाठी कोणती कंपनी घेणार? दुसरी वाट दुभाष्याची. मूळ खेळाला हात लावायचा नाही, त्याच्या शेजारी एक दुभाषा उभा करायचा. वाईन नावाचा प्रकल्प १९९३ पासून हेच करीत आला आहे. (नावावरून आमच्या प्राध्यापकांनी गैरसमज करून घेऊ नये.) बरीच वर्षे हा दुभाषा अडखळत बोलायचा. ऑगस्ट २०१८ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने वाईनच्याच पायावर प्रोटॉन बांधले, त्यात डायरेक्टएक्सची वाक्ये व्हल्कन या खुल्या भाषेत फिरविणारे डीएक्सव्हीके घातले, आणि चित्र पालटले. आता स्टीमच्या दुकानातून खेळ उतरवून घ्यायचा आणि बटण दाबायचे. मधला दुभाषा दिसतसुद्धा नाही.

भाषांतर म्हणजे मुळाहून उणे, असे आपण गृहीत धरतो. पण २०२२ मध्ये ‘एल्डन रिंग’ आला तेव्हा विंडोजवर तो मधूनमधून अडखळत होता. व्हॉल्व्हने प्रोटॉनमध्ये दुरुस्ती केली आणि त्यांच्या स्टीम डेक या हातात धरायच्या यंत्रावर, म्हणजे लिनक्सवर, ते अडखळणे बरेच कमी झाले. दुभाष्याने मूळ वक्त्यालाच सावरून घेतले म्हणा ना!

व्हॉल्व्ह काही धर्मादाय संस्था नव्हे. तिचे संस्थापक गेब न्यूवेल पूर्वी मायक्रोसॉफ्टमध्येच होते. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे दुकान आले, तेव्हा दुसऱ्याच्या वाड्यात दुकान थाटल्याचा धोका त्यांना कळला आणि त्यांनी लिनक्सची वाट धरली. त्यांचा पहिला प्रयत्न, २०१५ ची स्टीम मशीन्स, सपशेल फसला. शिवाय स्टीमवर पैसे मोजून घेतलेला खेळही आपल्याला परवान्यावरच मिळतो. म्हणजे एका घरमालकाला कंटाळून दुसऱ्याकडे जाण्यातला हा प्रकार आहे. फरक इतकाच, की खालची जमीन, म्हणजे लिनक्स आणि वाईन, कोणा एकाच्या मालकीची नाही.

आता अडते कुठे ते सांगतो. अडते मित्रमंडळीत. ‘व्हॅलोरंट’ लिनक्सवर चालत नाही, ‘फोर्टनाइट’ चालत नाही. ‘एपेक्स लेजंड्स’ चालत होता, तो २०२४ च्या अखेरीस कंपनीने लिनक्सवाल्यांना बंद केला. यात दुभाष्याची काही चूक नाही. लबाडी पकडणारा पहारेकरी या खेळांबरोबर येतो. व्हॅलोरंटचा व्हॅनगार्ड तर संगणक सुरू होतानाच, आपण खेळायला बसण्याआधीच, सिस्टिमच्या गाभाऱ्यात, ज्याला कर्नल म्हणतात तिथे, जाऊन बसतो. लिनक्सचा गाभारा ज्याला त्याला हवा तसा बदलता येतो, म्हणून तिथल्या पहाऱ्यावर या कंपन्यांचा विश्वास नाही.

लबाडी करणाऱ्यांमुळे खेळाचा विचका होतो, हे कोणीही खेळाडू मान्य करील. पण एका करमणुकीसाठी घराची मुख्य किल्ली परक्याच्या हाती द्यावी काय? गाभाऱ्यातला पाहुणा अडखळला की काय होते, ते १९ जुलै २०२४ ला जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलने विंडोजचे सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले, विमाने खोळंबली. तो खेळाचा पहारेकरी नव्हता हे खरे, पण बसला होता त्याच जागी. उलट, ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन मोठ्या पहारेकऱ्यांनी २०२१ पासून प्रोटॉनला वाट ठेवलेली आहे. ती उघडायची की नाही हे खेळाच्या मालकाने ठरवायचे असते. पुष्कळजण उघडत नाहीत.

मॅकविषयी थोडक्यात. आपल्यापैकी फार थोड्यांकडे तो आहे, आणि २०१९ मध्ये ॲपलने ३२-बिट कार्यक्रम बंद करून मॅकवरचे कितीतरी जुने खेळ एका फटक्यात बाद केले. खेळासाठी मॅक कोणी घेऊ नये.

तेव्हा ज्याची संध्याकाळ चार मित्रांबरोबर व्हॅलोरंटमध्ये जाते, त्याला मी लिनक्स घे असे सांगणार नाही. संगत सुटते, आणि या वयात संगत ही लहान गोष्ट नव्हे. पण जो रात्री एकटा बसून एखादी कथा खेळतो, किंवा जुने खेळ उकरून काढतो, त्याने चालता संगणक भंगारात देऊ नये. मिंट पेन ड्राइव्हवर घेऊन, आतले काहीही न पुसता, आधी चालवून पाहता येते. प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर कोणता खेळ कसा चालतो ते खेळणाऱ्यांनीच नोंदवून ठेवले आहे, ते वाचावे. ग्राफिक्स फारच जुने असेल तर त्याला व्हल्कन येत नाही आणि दुभाषा मुका होतो. तिथे जुने आणि हलके खेळच चालतील. आणि फाइलींची दुसरी प्रत काढल्याशिवाय कशालाही हात लावू नये.

एक मागणी मात्र जिमखाना समितीकडे आहे. स्नेहसंमेलनातल्या संगणक-खेळांच्या स्पर्धेला असा खेळ ठेवला, की तो विशिष्ट सिस्टिमशिवाय उघडतच नाही, तर जुन्या लॅपटॉपचा विद्यार्थी नाव नोंदवण्याआधीच बाद होतो. ‘काउंटर-स्ट्राइक २’ लिनक्सवर चालतो. ‘सुपरटक्सकार्ट’ हा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ फुकट आहे, विंडोज, लिनक्स, मॅक आणि ॲन्ड्रॉइड चारही ठिकाणी चालतो, म्हणजे ज्याच्याकडे नुसता मोबाइल आहे तोही उतरू शकतो, आणि एकाच नेटवर्कवर सगळ्यांना मिळून खेळता येतो. पुढच्या वर्षी यादी ठरवताना यांपैकी निदान एक खेळ तीत असावा, आणि कोणता खेळ कशावर चालतो ते प्रवेशअर्जावर छापावे.