कॅमेरा घेताना आधी लेन्स बघा



आपल्या वस्त्यांमधील मुले-मुली फोटोग्राफीचा छंद धरू लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. जयंतीची मिरवणूक असो, चैत्यभूमीवरचा ६ डिसेंबर असो की शेजारचा मंगल परिणय असो, कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात कॅमेरा दिसतोच. मात्र कॅमेरा घेताना बहुतेकांचा सगळा पैसा बॉडीत जातो. नवे मॉडेल, जास्त मेगापिक्सेल, मोठे नाव! लेन्ससाठी मग काही उरत नाही.

बांधवांनो, दुकानात जाण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारा. मला फोटो कशाचे काढायचे आहेत? मोर आणि वाघ, की आपली माणसे? सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे जगणे कॅमेऱ्यातून जगापुढे मांडले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विषय आपल्या दारातच असतो.

आपली माणसे कुठे भेटतात? दहा बाय बाराच्या खोलीत, ट्यूबलाइटच्या उजेडात. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ ची लेन्स इथे कमी पडते. ५५ वर नेली की तिचे छिद्र एफ/५.६ पेक्षा मोठे उघडत नाही. हा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे. एफ/१.८ ची लेन्स एफ/५.६ च्या जवळजवळ साडेनऊपट प्रकाश आत घेते. म्हणजे जिथे १/१५ सेकंद लागत होता आणि फोटो हलत होता, तिथे १/१२५ सेकंदात काम होते. फ्लॅश मारून म्हाताऱ्या माणसाचे डोळे दिपवावे लागत नाहीत.

सगळे सांगतात, ५० एमएम एफ/१.८ घ्या. लेन्स चांगली आणि स्वस्त आहे, पण छंदवाल्यांच्या कॅमेऱ्यात सेन्सर बहुधा लहान असतो. त्यावर ५० ची लेन्स निकॉनमध्ये ७५ सारखी आणि कॅननमध्ये ८० सारखी वागते. समोरच्याला चौकटीत बसवण्यासाठी मागे सरकावे, तर पाठ भिंतीला लागते! चेहऱ्यासाठी ५० उत्तम, पण घरातल्या माणसांसाठी ३५ च्या आसपासची बरी. यावर बिनपैशाचा उपाय आहे. १८-५५ ची लेन्स आठवडाभर ३५ वर ठेवून फोटो काढा, पुढचा आठवडा ५० वर. जी जास्त उपयोगी पडेल, त्या मापाची घ्या.

आता बॉडी. बॉडी जुनी होते, लेन्स टिकते. निकॉनचा एफ माउंट १९५९ चा, कॅननचा ईएफ १९८७ चा. २०१८ साली दोन्ही कंपन्यांनी मिररलेससाठी नवे माउंट आणले. त्यामुळे पुष्कळ हौशी लोक आपले डीएसएलआर विकतात. आपल्यासारख्यांनी अशी वापरलेली बॉडी जरूर घ्यावी. फक्त एक जपा. निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकेतील बॉडीत फोकसची मोटर नसते. जुन्या एएफ-डी लेन्स त्यावर आपोआप फोकस करत नाहीत. तिथे एएफ-एस लिहिलेली लेन्सच घ्यावी.

मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकाने आहेत. कुठेही घ्या, पण दोन-तीन ठिकाणी भाव विचारा. बॉडीचा शटर काउंट बघा, म्हणजे तिने किती फोटो काढले ते कळते. स्कूटरचे किलोमीटर बघतो, तसेच हे. लेन्समधून मोबाइलच्या बॅटरीचा उजेड टाका. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी समजा आणि परत करा. घरी पावसाळ्यात लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी.

कर्ज काढून मात्र कॅमेरा घेऊ नका. तथागतांनी सिगालाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले. एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवायचा. छंद पहिल्या भागात बसला पाहिजे. मुलांच्या फीला आणि आजारपणाला हात लावून आणलेली लेन्स घरात सुख आणत नाही. पैसे जमेपर्यंत मोबाइलवर शिका. भरउजेडात तो चांगले काम देतो.

हे सारे कशासाठी? १४ ऑक्टोबर १९५६ ला जे दहा वर्षांचे होते, ते आज ऐंशीच्या आसपास आहेत. दीक्षाभूमीवर आई-बापाचे बोट धरून गेलेली माणसे आपल्याच चाळीत, आपल्याच गावात आहेत. त्यातील कितीतरी जणांचा रेशनकार्डावरचा किंवा ओळखपत्रावरचा फोटो सोडला तर दुसरा फोटो नाही. उद्या ती गेली, तर नातवंडांनी काय बघायचे? आपला इतिहास दुसरा कोणी येऊन टिपील, म्हणून वाट बघत बसू नका.

तेव्हा येत्या रविवारी एका घरी जा. आजी-आजोबांना खिडकीजवळ बसवा आणि निवांत बोलत फोटो काढा. त्याची प्रत छापून त्यांच्या हातात द्या आणि मागे नाव, गाव, साल लिहायला विसरू नका. नवी बॉडी पुढच्या वर्षीही मिळेल. ही माणसे पुढच्या वर्षी भेटतीलच असे नाही.

जयभीम!