मुखपृष्ठावरचा ‘ळ’

सुपा हे गाव आता पाहावयास मिळत नाही. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावर ते वसले होते आणि तालुक्याचे ठाणे होते. गणेशगुडी येथे काळी नदीवर १०१ मीटर उंचीचे धरण उभे राहिले, १९८७ साली ते पुरे झाले, आणि जुने सुपा जलाशयाच्या पोटात गेले. कचेऱ्या जोयड्यास हलल्या. माणसे रामनगरास आणि इतरत्र पांगली. अशा पांगलेल्यांपैकी एका मराठी कुटुंबात गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोन दिवस पाहुणे होतो.

दुपारची जेवणे आटोपल्यावर यजमानांनी माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक खाली घेतली. “गाव सोडताना ट्रकात पहिल्याने देव्हारा चढला आणि त्याच्यामागोमाग ही,” ते म्हणाले. ट्रंकेत पन्नास-साठ चित्रकथा होत्या. बेळगावचे मामा सुट्टीत येताना मुलांसाठी आणीत, त्या. पाने पिवळी पडली होती, तरी कसर लागली नव्हती. मात्र एकाही अंकाला मुखपृष्ठ नव्हते.

त्याचा उलगडा यजमानांच्या थोरल्या बहिणीने केला. ही भावंडे लहानपणी प्रत्येक अंकाचे मुखपृष्ठ अलगद सोडवून घेत आणि तांदळाच्या खळीने माजघराच्या भिंतीवर चिकटवीत. आई रागावे, पण पुढे तिलाही ती भिंत आवडू लागली. मग गाव उठले. अंक ट्रंकेत होते म्हणून आले. मुखपृष्ठे भिंतीवर होती, ती भिंतीबरोबर गेली.

ट्रंकेतील एक अंक हातात घेऊन यजमान म्हणाले, “ह्याच्यावर वेताळ पांढऱ्या घोड्यावर होता.”

“छे रे, घोडा कुठला? कवटीची गुहा होती,” आक्का म्हणाल्या.

“अगं आक्का, घोडाच!”

सुमारे चाळीस वर्षे पाण्याखाली असलेल्या एका चित्रावरून साठी उलटलेली दोन माणसे भांडत होती. ज्याची किंमत काही पैशांत होती, त्या कागदाच्या एका पानात एवढे काय होते, हा विचार आमच्या मनातून जाईना.

चित्रकथांच्या मुखपृष्ठाचा इतिहास पाहू गेल्यास अमेरिकेपासून आरंभ करावा लागतो. १९३८ च्या जून महिन्याचा अंक म्हणून ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक निघाला. निळ्या पोशाखातील एक पुरुष अख्खी मोटार डोक्यावर उचलून आपटतो आहे आणि माणसे जीव घेऊन पळत आहेत, एवढेच त्यावर होते. सुपरमॅन कोण, हे तोवर कोणास ठाऊक नव्हते. ते काम त्या एका चित्राने केले. मुखपृष्ठाने गोष्ट सांगावयाची नाही, गोष्टीची ओढ लावावयाची, हा धडा तेथून रूढ झाला. १९५४ साली चित्रकथांवर नियमांचे बंधन आले आणि मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात संमतीचा शिक्का दिसू लागला. सत्तरीच्या दशकात त्याच्या जोडीला दुकानदाराच्या सोयीच्या उभ्या रेघांचा चौकोन आला. चित्राची जागा अशी कडेने आक्रसत गेली.

आपल्याकडे ‘इंद्रजाल कॉमिक्स’ मार्च १९६४ मध्ये सुरू झाले. आतील वेताळाची कथा ली फॉक यांची आणि चित्रे अमेरिकन चित्रकारांची. पण आरंभीच्या अंकांची मुखपृष्ठे बी. गोविंद यांनी येथे, आपल्या देशात रंगविली. म्हणजे अख्ख्या अंकात बाहेरचे पानच काय ते आपले होते! वेताळाच्या पोशाखाचा रंगही देशोदेशी निराळा: अमेरिकेत जांभळा, इटलीत तांबडा, स्वीडनमध्ये निळा. पात्र परके असले, तरी त्याला घरचे कपडे चढविण्याचा अधिकार जो तो देश बजावीत होता.

‘अमर चित्र कथा’ हे नाव घेताच आपल्या कर्नाटकाचा संबंध येतो. या मालिकेचे अनंत पै मूळचे कारकळचे. मालिकेतील पहिल्या दहा पुस्तिका पाश्चात्य परीकथांच्या होत्या आणि त्या कन्नडमध्ये निघाल्या होत्या. म्हणूनच राम वाईरकरांनी चितारलेल्या ‘कृष्ण’ या पुस्तिकेचा क्रमांक ११ आहे. आरंभी काटकसरीमुळे आतील पानांवर पिवळा, निळा, हिरवा असे मोजकेच रंग असत. पूर्ण रंगांचा थाट मुखपृष्ठापुरताच. मूल ते पान उलटी आणि उरलेले रंग मनाने भरी. वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम ही या मालिकेच्या चित्रकारांतील काही मराठी नावे. दिवाणखान्यातील राजा रविवर्म्याच्या तसबिरी आणि दिनदर्शिकांवरील देवदेवता यांची ओळख असलेल्या घरांत या मुखपृष्ठांना परकेपणा कधी वाटलाच नाही.

पुढे काळ पालटला. १९७६ साली आबिद सुरती यांचा ‘बहादूर’ इंद्रजालमध्ये आला. चंबळच्या दरोडेखोरांशी झुंजणारा, अंगात भगवा कुडता आणि खाली जीन्स घातलेला हा नायक. आता मुखपृष्ठाइतकीच आतील पानेही देशी झाली. १९८६ साली हिंदीत ‘नागराज’ अवतरला आणि त्याला रूप दिले ते मुळीकांनीच. पौराणिक पुरुष रेखाटणारा हात हिरव्या कांतीच्या नव्या वीराकडे वळला. मुखपृष्ठे अधिक भडक झाली आणि नायक चौकटीबाहेर झेपावू लागले. १९९० साली इंद्रजाल बंद पडले.

त्याच सुमारास परदेशात एक निराळाच प्रकार रुजत होता. १९९१ साली ‘एक्स-मेन’ या मालिकेचा पहिला अंक पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांसह निघाला. कथा एकच, पण संग्राहकांनी पाचही प्रती घ्याव्यात, हा हेतू. त्याच्या ऐंशी लाखांवर प्रती खपल्या. मुखपृष्ठ आता गोष्टीचे दार राहिले नाही. तेच विकत घेण्याची वस्तू झाले. २०२१ साली पॅरिसमध्ये एर्जे यांनी ‘टिनटिन’साठी १९३६ साली काढलेले एक मुखपृष्ठ लिलावात बत्तीस लाख युरोंच्या आसपास गेले. छपाईस महाग पडेल म्हणून ते त्या काळी छापलेच गेले नव्हते! आणि आज बहुतेक मुखपृष्ठे प्रथम दिसतात ती दूरध्वनीच्या काचेवर, नखाएवढी. त्यामुळे एकच चेहरा आणि ठळक अक्षरे, एवढ्यावर भागवावे लागते. पळणारी माणसे आणि कोसळणारा कडा एवढ्याशा जागेत मावावयाचा कसा?

हे सर्व खरे; पण महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या घरांत या मुखपृष्ठांनी आणखी एक काम केले, त्याची नोंद कोणी ठेवलेली नाही. हे अंक इंग्रजी, हिंदी, मराठी अशा अनेक भाषांत निघत. चित्र तेच, बदलत असे ते फक्त शीर्षक. हिंदी अंकावर ‘वेताल’, मराठी अंकावर ‘वेताळ’. शाळेत कन्नड शिकणाऱ्या आणि घरी मराठी बोलणाऱ्या मुलांना आपली लिपी कोणी पाटीवर गिरवून घेतली नव्हती. चित्रासाठी अंक हाती घ्यावयाचा आणि चित्रामागे काय आहे हे कळावे म्हणून अक्षरे लावावयाची, अशी कितीतरी मुले मराठी वाचू लागली. आक्का त्यांपैकीच एक. “मामांनी हिंदी अंक आणला की आम्ही ओळखत होतो,” त्या म्हणाल्या, “ळ नसायचा.”

आम्ही निघण्याच्या दिवशी सकाळी यजमानांची नात ओसरीवर पालथी पडून काही रंगवीत होती. जुन्या दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या पानावर तिने त्या अंकाला नवे मुखपृष्ठ केले होते. आजोबा आणि आत्येआजी या दोघांचेही मन राखावे म्हणून तिने कवटीची गुहा काढली होती आणि गुहेच्या तोंडाशी पांढरा घोडा. वर मोठ्या अक्षरांत लिहिले होते: ‘वेताल’. देवनागरी ती शाळेतील हिंदीच्या पुस्तकातून शिकलेली.

“हे काय लिहिलंस? वाच बघू,” आक्का म्हणाल्या.

“वेताळ,” ती म्हणाली. उच्चार अगदी स्वच्छ होता. कन्नडमध्ये हा वर्ण आहेच. जिभेला तो ठाऊक होता, पण हाताला नव्हता.

आक्कांनी तिच्या हातातील खडू घेतला आणि पानाच्या कोपऱ्यात एक ठसठशीत ‘ळ’ काढून दाखविला. मुलीने तो चार वेळा गिरविला आणि मग शीर्षक दुरुस्त केले. यजमान आत जाऊन वाटीत खळ घेऊन आले. त्यांचा हात सवयीने भिंतीकडे वळला होता. पण क्षणभर थांबून त्यांनी ते पान अंकालाच चिकटविले.