कारल्याची बी आणि चिनी पंडित

गेल्या वर्षी एका शाळेत हादग्याची स्पर्धा पाहिली. मुलींना एकसारखी नऊवारी, गाणी ध्वनिमुद्रित, आणि निवेदिकाबाई समजावून सांगत होत्या : हत्ती हे समृद्धीचं प्रतीक, फेर हे एकोप्याचं प्रतीक. मला एकदम चीनमधले जुने पंडित आठवले.

'शी जिंग' हा चिनी भाषेतला सर्वांत जुना गीतसंग्रह. त्यात ३०५ गीतं आहेत, अडीच हजार वर्षांहून जुनी. एका गीतात बायका इसबगोलाच्या जातीची एक वनस्पती खुडतात, वेचतात, ओच्यात भरतात. बस्स, एवढंच. या वनस्पतीनं कूस उजवते अशी समजूत होती. म्हणजे खुडणं हेच मागणं. पण हान राजवटीतल्या भाष्यकारांनी त्यातून राणीचं शील काढलं! राणी गुणी, म्हणून राज्यात शांतता, म्हणून बायकांना मुलांची हौस. पुढे १९१९ साली मार्सेल ग्रॅने या फ्रेंच अभ्यासकानं यातली पुष्कळ गीतं गावच्या ऋतुसणांत पोरापोरींनी गायलेली आहेत, असं मांडलं. त्याआधी शतकानुशतकं राणीचा उदोउदो चालला होता.

आमचा हादगा असाच ऋतूचा. सप्टेंबरअखेर सूर्य हस्तात जातो. हस्त म्हणजे खरं तर हात, लोकांनी त्याचा हत्ती केला. भिंतीवर हत्तीचं चित्र, फळांच्या माळा, पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं सोळा दिवस. त्यात ते कारल्याचं गाणं. सून माहेरी जाऊ का विचारते. सासू म्हणते, आधी बी पेर. मग वेल येऊ दे, फूल येऊ दे, कारलं लागू दे, भाजी होऊ दे. बी पेरल्यापासून कारलं हाती यायला दोन महिने लागतात, आणि हे फेर धरणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असे. माझी आई एरवी हादग्यात खूप हसायची, या गाण्याला हसत नसे.

स्पर्धेत हे गाणं नव्हतं. चौकशी केली तर उत्तर मिळालं, 'सासू-सुनेचं नकारात्मक नको.' हत्ती राहिला, सून गेली. माझं म्हणणं, निवड करायचीच तर उलटी करा. हत्तीचा अर्थ नाही सांगितला तरी चालेल, पण गाणं मुलींना म्हणू द्या, आणि शाळेच्या कुंपणाशी कारल्याची एक बी पेरायला लावा.

बक्षीस समारंभ चालू असताना मी बाहेर आलो. व्हरांड्यात तिघी-चौघी मुली कानाशी डबा हलवून खिरापत ओळखत होत्या. सात नावं चुकली. आत शेंगदाण्याचे लाडू होते.