सालीचा काढा आणि प्रमाणाचा आग्रह

चेन्नईच्या जॉर्ज टाउनमधील देशी औषधांच्या दुकानांत ‘मरुदम पट्टै’ या नावाने अर्जुनवृक्षाची साल हृदयाच्या काढ्यासाठी आजही विकली जाते. आणि याच तमिळ मुलखात, तंजावरच्या सरफोजीराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ‘धन्वंतरी महाल’ स्थापून औषधांची परीक्षा करविली आणि रुग्णांच्या नोंदी दप्तरी ठेवविल्या, हे मराठी माणसाने विसरू नये. परंपरेचा खरा वारसा तो नोंदीचा आहे, अंधश्रद्धेचा नव्हे.

गुग्गुळाचा दाखला घ्या. १९६६ साली बनारस हिंदू विश्वविद्यालयात डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाच्या वर्णनावरून प्रयोग करून त्याचा कोलेस्टेरॉल उतरविणारा गुण दाखविला. परंतु २००३ साली अमेरिकेत १०३ व्यक्तींवर आठ आठवडे झालेल्या परीक्षेत घातक कोलेस्टेरॉल उलट किंचित वाढलेले आढळले. याउलट सर्पगंधेला जगाने मान दिला तो मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली तिचा रक्तदाबावरील गुण रुग्णांवर पारखून प्रसिद्ध केल्यामुळे.

म्हणून ‘नैसर्गिक’ या एका शब्दावर विसंबून डॉक्टरांनी दिलेली गोळी परस्पर बंद करणे हा आत्मघात होय. वनस्पतींच्या अर्कांची मात्रा, शुद्धता आणि अन्य औषधांशी होणारा संयोग यांची खातरजमा झाल्यावाचून सरकारने कोणत्याही बाटलीवर हृदयरक्षणाचा दावा छापू देऊ नये. अर्जुनाची साल तपासली जावी, हाच तिचा खरा सन्मान आहे.